चूल न पेटवता चीज-डिप

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात वाढदिवसाला वेफर्ससोबत डिप हवं असेल, तर आधार घ्यावा चक्क्याचा. श्रीखंडासाठी दही टांगतो तसंच अर्धा किलो म्हशीचं दही मलमलच्या फडक्यात बांधून फ्रिजमध्ये रात्रभर निथळायला ठेवावं, म्हणजे साधारण पाव किलो चक्का मिळतो. दुधातली साखर खाऊन जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात. चव आंबट होते ती त्यानेच. म्हणून लिंबू बेताने.

त्यात चीजचे दोन क्यूब बारीक किसावेत. प्रोसेस्ड चीज कारखान्यातच तापवून एकजीव केलेलं असतं, त्यामुळे ते शिजवायची गरज नाही; पण थंड चक्क्यात ते विरघळतही नाही. जाड किसलंत तर दाताखाली येणारच.

लसणाची एकच पाकळी, आणि ती लिंबाच्या रसातच ठेचायची. लसूण ठेचला की एका विकरामुळे त्याचा उग्रपणा तयार होतो. आम्ल त्या विकराला रोखतं. मग मिरपूड, कोथिंबीर. काकडी घालायची हौस असेल तर किसून घट्ट पिळावी, नाहीतर तासाभरात डिपची कोशिंबीर होते. मीठ चाखूनच घाला, चीज आधीच खारट असतं. गावातल्या उन्हाळ्यात वाडगा बर्फावर ठेवलेला बरा.