‘फोनमध्ये आहेतच की सगळी गाणी!’

“आयफोनमध्ये आहेतच की सगळी गाणी. नवीन कॉम्प्युटरला जोडला की उतरतील तिकडे.”

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की आता ते ऐकल्यावर मी आधी एकच विचारतो : जुना कॉम्प्युटर अजून घरात आहे ना? बहुतेक वेळा नसतो. तो एक्स्चेंजमध्ये गेलेला असतो, किंवा फॉरमॅट मारून भाच्याला अभ्यासाला दिलेला असतो. तो देण्याआधी कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं असतं, “फोनचा बॅकअप घेतलाय, काही जात नाही.”

यातलं पहिलं वाक्य साफ चूक आहे आणि दुसरं अर्धवट खरं आहे. दोन्हींवर एकदम विश्वास ठेवणाऱ्याची गाणी जातात. सिनेमातली गाणी गेली तर फार बिघडत नाही, ती पुन्हा कुठेही मिळतात. पण आज केबल लावून फोनमध्ये गाणी भरणारी माणसं कोण आहेत ते बघा. कुणी वडिलांच्या कॅसेटी महिनोन्‌महिने बसून डिजिटल केलेल्या असतात. कुणाकडे गुरुजींच्या तालमीचं रेकॉर्डिंग असतं, कुणाकडे गावच्या सप्ताहातलं कीर्तन, कुणाकडे घरगुती बैठकीतला अर्ध्या तासाचा यमन. यातलं काहीही कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही. म्हणून या गैरसमजाची मला चीड येते.

तो येतो कुठून, हे मात्र समजण्यासारखं आहे. अँड्रॉइड फोन केबलने जोडला की त्यातले फोल्डर कॉम्प्युटरवर दिसतात. गाणी उचलावीत आणि टाकावीत, इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे. पेन ड्राइव्हची सवय असलेल्या कुणालाही हेच नैसर्गिक वाटणार. आयफोनचं सिंक मुळातच तसं बांधलेलं नाही. त्यात गाणी कॉम्प्युटरकडून फोनकडे जातात. उलट दिशेने, म्हणजे फोनकडून कॉम्प्युटरकडे, अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर तुमची स्वतःची गाणी नेत नाही.

ही रचना आयफोनहून जुनी आहे. अ‍ॅपलने जानेवारी २००१मध्ये आयट्यून्स आणलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयपॉड. इंटरनेटवरून फुकट गाणी उतरवण्याच्या लाटेने संगीत कंपन्या धास्तावलेल्या होत्या. पहिल्या आयपॉडच्या वेष्टनावर ‘संगीत चोरू नका’ असा मजकूर छापलेला होता. एकाच्या कॉम्प्युटरवरची गाणी खिशात घालून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ओतता येऊ नयेत, म्हणून यंत्रात शिरलेली गाणी चार अक्षरी निरर्थक नावांनी एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवली जाऊ लागली. आयफोनने हीच पद्धत पुढे चालवली. तुमच्या फोनमध्ये ‘कानडा राजा’ नावाची फाइल नाही. कसल्याशा चार अक्षरांची एक फाइल आहे. गाण्याचं नाव त्या फाइलच्या पोटात आणि फोनच्या नोंदवहीत आहे.

मग नव्या कॉम्प्युटरला फोन जोडून संगीताचं सिंक सुरू केलं की काय होतं? हा आयफोन दुसऱ्या लायब्ररीशी सिंक केलेला आहे, तो पुसून या लायब्ररीशी सिंक करायचा का, अशा अर्थाची पाटी समोर येते. लोक ती वाचत नाहीत. ‘सिंक’ एवढाच शब्द डोळ्यांत भरतो आणि त्याच्या आधीचा ‘इरेज’ निसटतो. नव्या कॉम्प्युटरवरची लायब्ररी रिकामी असते. फोनने तिच्यासारखं व्हायचं म्हणजे फोननेही रिकामं व्हायचं. सिंक म्हणजे फोन लायब्ररीशी तंतोतंत जुळवून घेणं, आणि रिकाम्या लायब्ररीशीही ते तितक्याच इमानाने जुळवून घेतं.

इथे घाबरून उलट टोकाला जाणारेही भेटतात. “त्या बटणाने फोटो, मेसेज, नंबर सगळं जातं,” असं ते सांगतात. तसं होत नाही. पुसलं जातं ते कॉम्प्युटरवरून सिंक केलेलं संगीत आणि त्या प्रकारचं माध्यम-साहित्य. कॅमेऱ्याने काढलेले फोटो, संपर्क, मेसेज या बटणाने जात नाहीत.

त्याच पाटीवर कधी कधी ‘ट्रान्सफर पर्चेसेस’ असं बटण असतं, आणि अनेकांना तो सुटकेचा मार्ग वाटतो. शब्द नीट वाचा : फक्त विकत घेतलेली गाणी, तीही अ‍ॅपलच्या दुकानातून. ती किती असतात? स्टीव्ह जॉब्ज यांनी ६ फेब्रुवारी २००७ रोजी ‘थॉट्स ऑन म्युझिक’ नावाचं जाहीर पत्र लिहिलं. हजार गाण्यांच्या सरासरी आयपॉडमध्ये आयट्यून्स स्टोअरमधून घेतलेली गाणी फक्त २२, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी, असा आकडा त्यांनी स्वतः त्यात दिला आहे. ही गोष्ट दुकान जोरात चालत होतं तेव्हाची, आणि दुकान जिथे होतं त्या देशांमधली. भारतात आयट्यून्स स्टोअर डिसेंबर २०१२मध्ये उघडलं. त्याआधी आपल्याकडे जमवलेली गाणी सीडीवरून, कॅसेटवरून किंवा मित्राच्या हार्ड डिस्कवरून आलेली होती. ‘ट्रान्सफर पर्चेसेस’ त्यातलं एकही गाणं हलवणार नाही.

आता बॅकअपचं. “बॅकअप घेतलाय” म्हणणारा खोटं बोलत नसतो, पण त्या बॅकअपमध्ये काय असतं हे त्याने पाहिलेलं नसतं. अ‍ॅपलच्या मदतपानांवर, कॉम्प्युटरवर घेतलेल्या बॅकअपमध्ये काय नसतं, याची यादी दिलेली आहे. कॉम्प्युटरवरून सिंक केलेली गाणी, सीडीवरून घेतलेलं संगीत आणि व्हिडिओ त्या यादीत स्पष्ट नमूद आहेत. आयक्लाउडचा बॅकअपही ती घेत नाही. यामागचा तर्क सरळ आहे : ही गाणी लायब्ररीत आहेतच, तर ती दुसऱ्यांदा कशाला साठवायची? बॅकअप परत घातल्यावर गाणी लायब्ररीतूनच पुन्हा सिंक करावी लागतात. लायब्ररी असेल तर. ती जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेली असेल, तर बॅकअपमधून एक ओळसुद्धा वाजणार नाही.

यातच एक चांगली बातमी दडलेली आहे आणि ती फार कमी लोकांपर्यंत पोचते. फोन कॉम्प्युटरला बांधलेला नसतो, लायब्ररीला बांधलेला असतो. प्रत्येक लायब्ररीला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, आणि फोन तोच लक्षात ठेवतो. म्हणून लायब्ररी अख्खी नव्या यंत्रावर नेली, की फोन सहसा तिला ओळखतो आणि काही न पुसता पुढे सिंक करू लागतो. यंत्र बदललं याचं त्याला सोयरसुतक नसतं.

अख्खी म्हणजे काय, इथे पुन्हा गफलत होते. लायब्ररीची मुख्य फाइल (विंडोजवर ती आयटीएल या शेपटीची असते) म्हणजे गाणी नव्हेत. सातबारा हातात असला म्हणून जमीन पिशवीत घालून नेता येत नाही, तसंच हे. त्या फाइलमध्ये कोणतं गाणं डिस्कवर कुठे आहे, कोणत्या प्लेलिस्टमध्ये आहे, किती वेळा वाजलं, एवढ्या नोंदी असतात. गाणी वेगळ्या मीडिया फोल्डरमध्ये असतात, आणि बऱ्याच घरांत तिथेही सगळी नसतात. काही डेस्कटॉपवर, काही डाउनलोड्समध्ये, काही ‘आईची भजनं’ नावाच्या फोल्डरमध्ये. नुसती मुख्य फाइल नेली तर नव्या कॉम्प्युटरवर यादी पूर्ण दिसते, आणि गाणं वाजवायला गेलं की त्यापुढे उद्गारचिन्ह येतं. फाइल सापडली नाही, असा त्याचा अर्थ.

म्हणून जुना कॉम्प्युटर चालू असतानाच त्यावर एक काम करायचं. आयट्यून्स किंवा मॅकवरच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये फाइल, लायब्ररी, ऑर्गनाइझ लायब्ररी असं जाऊन ‘कन्सॉलिडेट फाइल्स’वर खूण करायची. विखुरलेल्या सगळ्या गाण्यांची एकेक प्रत मीडिया फोल्डरमध्ये गोळा होते. गाणी जास्त असतील तर वेळ लागतो आणि डिस्कवर तेवढी मोकळी जागाही लागते, मध्येच बंद करू नका. मग प्रोग्रॅम बंद करून ‘म्युझिक’ फोल्डरच्या आतलं आयट्यून्सचं अख्खं फोल्डर (नव्या मॅकवर त्याचं नावही म्युझिकच आहे) बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायचं आणि नव्या कॉम्प्युटरवर त्याच जागी ठेवायचं. तिथे पहिल्यांदा उघडताना विंडोजवर शिफ्ट आणि मॅकवर ऑप्शन हे बटण दाबून धरलं, की कोणती लायब्ररी उघडायची असं विचारलं जातं. आणलेली लायब्ररी निवडायची. चार-सहा गाणी वेगवेगळ्या अल्बममधली वाजवून बघायची. सगळ्यात जुनी, घरी रेकॉर्ड केलेली आधी. ती वाजली, की मगच फोन जोडायचा. तरीही पुसण्याची पाटी आली, तर ‘कॅन्सल’ करून आपण बरोबर लायब्ररी उघडली आहे का ते तपासायचं.

आणि जुना कॉम्प्युटर या सगळ्यानंतरही महिनाभर कुणालाही देऊ नका.

“आता क्लाउडचा जमाना आहे, केबलचं काय घेऊन बसलात?” हा दुसरा हट्टी समज. अ‍ॅपल म्युझिक भारतात जून २०१५मध्ये, जगाबरोबरच आलं. त्यातली ‘सिंक लायब्ररी’ ही सोय तुमची गाणी वर चढवते, हे खरं आहे. मर्यादा एक लाख गाण्यांची आहे, बहुतेकांना ती पुरते. अडचण वेगळीच आहे. २०० एमबीहून मोठी किंवा दोन तासांहून लांब फाइल वर चढत नाही. दोन तासांपेक्षा जास्त चाललेलं कीर्तन तुम्ही एकाच फाइलमध्ये ठेवलं असेल, तर ते क्लाउडमध्ये गेलेलंच नाही. शिवाय ही सोय म्हणजे बॅकअप नव्हे, असं अ‍ॅपल स्वतःच सांगते. ती फोनवर चालू असली की केबलने संगीत सिंक करण्याचा पर्याय बंद होतो, तेव्हा “केबलने गाणी जातच नाहीत” या तक्रारीचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं. अ‍ॅपलच्या कॅटलॉगमधून उतरवलेली गाणी वर्गणी संपली की वाजत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आता बाकीचे समज.

“मॅकवरून आयट्यून्स गेलं, म्हणजे सिंकच गेलं.” २०१९च्या कॅटालिनापासून ते काम फाइंडरमध्ये आलं आहे. फोन जोडा, डाव्या पट्टीत त्याचं नाव दिसेल. विंडोजवर २०२४पासून अ‍ॅपल म्युझिक आणि अ‍ॅपल डिव्हायसेस अशी दोन वेगळी अ‍ॅप आहेत, आणि सिंक दुसऱ्यात होतं.

“जुना कॉम्प्युटर डीऑथराइझ केला की गाणी पुसली जातात.” नाही. त्या यंत्रावर विकत घेतलेलं संरक्षित साहित्य वाजवण्याची परवानगी फक्त निघते. एका खात्यावर असे पाचच कॉम्प्युटर चालतात, त्यामुळे विकण्याआधी हे जरूर करा.

“नव्या कॉम्प्युटरला नवा अ‍ॅपल आयडी लागतो.” लागत नाही, आणि काढलात तर आधीची खरेदी जुन्या आयडीकडेच राहील.

“सिंक करताना दरवेळी आवाजाची प्रत घसरते.” फाइल जशीच्या तशी जाते. जास्त बिटरेटची गाणी १२८, १९२ किंवा २५६ केबीपीएसमध्ये बदला, या पर्यायावर तुम्हीच खूण केली असेल तरच फोनवरची प्रत बदलते, लायब्ररीतली तेव्हाही नाही.

“वाय-फायवरून केलं तर पुसत नाही.” २०११पासून वायरविना सिंक होतं, पण नियम तेच.

राहिला प्रश्न ज्यांचा जुना कॉम्प्युटर खरंच गेला आहे त्यांचा. फोनमध्ये गाणी अजून वाजत असतील तर धीर सोडू नका, पण आता त्या फोनला नव्या कॉम्प्युटरवर कोणत्याही पाटीत ‘इरेज’ म्हणू नका. आयमेझिंगसारखी अ‍ॅपलबाहेरची सॉफ्टवेअर त्या लपलेल्या फोल्डरमधून गाणी काढून कॉम्प्युटरवर आणू शकतात. नावं फाइलच्या पोटात असल्याने चार अक्षरी फाइलींना पुन्हा ‘यमन, बैठक’ अशी ओळख मिळते. आणलेली गाणी नव्या लायब्ररीत टाका, शिवाय एका बाहेरच्या डिस्कवर वेगळी ठेवा आणि मग फोन सिंक करा. फोनही पुसला गेला असेल आणि जुनी डिस्क अजून हाताशी असेल, तर ती वापरणं ताबडतोब थांबवा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर नवीन काही लिहिलं गेलं नसेल, तर फॉरमॅटनंतरही फाइली परत मिळण्याची बरीच शक्यता असते. एसएसडीवर ती फार कमी, कारण पुसलेली जागा एसएसडी स्वतःहून रिकामी करून टाकते. म्हणून भाच्याला आजच फोन करा आणि त्याच्या यंत्रात यातलं काय बसवलेलं आहे ते विचारा.