रोमच्या लेकींचा शोध : ज्युडिथ हॅलेट

इतिहासाच्या तासाला रोमचे सेनापती, सिनेट आणि सम्राट शिकवून झाले की एखादी विद्यार्थिनी हमखास विचारते, “सर, तेव्हा बायका कुठे होत्या?” या प्रश्नाच्या उत्तरासाठी आयुष्य वेचणाऱ्या अमेरिकन विदुषी ज्युडिथ हॅलेट यांच्या कार्याचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

१९७१ साली हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळविल्यानंतर त्यांनी पुढे मेरीलँड विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. १९७३ मधील त्यांचा लॅटिन प्रेमकाव्यावरील लेख गाजला. या काव्यात कवी प्रेयसीला ‘डोमिना’, म्हणजे मालकीण, असे संबोधतो. गुलामाने वापरावयाचा हा शब्द स्वतंत्र पुरुषाच्या तोंडी येतो, तेव्हा स्त्री-पुरुषांच्या रूढ भूमिकाच उलटतात, असे त्यांनी मांडले. या मतावर विद्वानांत वादही झडले.

१९८४ साली त्यांचा ‘फादर्स अँड डॉटर्स इन रोमन सोसायटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोममध्ये स्त्रीला राजकीय पद नव्हते. तरीही उच्चकुलीन स्त्रियांचा प्रभाव दिसतो, तो कशामुळे? हॅलेट यांच्या मते त्याचे मूळ पित्याच्या घरातील लेकीच्या स्थानात आहे. मुलीला पित्याच्या कुळाचेच नाव मिळे. तुल्लियस कुळातील सिसेरोची लेक तुल्लिया. इ.स.पू. ४५ मध्ये ती वारली, तेव्हा शोकाकुल सिसेरोने तिचे देवालय उभारण्याचा ध्यास घेतला होता. ग्राकस बंधूंची माता कॉर्नेलिया हीदेखील विजेत्या स्किपिओची कन्या म्हणूनही मान पावली.

मात्र पित्याची माया म्हणजे लेकीचा हक्क नव्हे. सिसेरोची शेकडो पत्रे आज उपलब्ध आहेत. तुल्लियाचे एकही नाही. शिवाय ही कहाणी श्रीमंत घरांची. त्याच घरांत राबणाऱ्या दासींच्या वाट्याला बहुधा थडग्यावरील एखादी ओळ आली. म्हणूनच सुल्पिसिया या रोमन कवयित्रीच्या हाती लागलेल्या मोजक्या कवितांचे मोल मोठे आहे. हॅलेट यांनी त्यांचाही चिकाटीने अभ्यास केला.

या विदुषीने कोणतेही नवे उत्खनन केले नाही. शतकानुशतके वाचले गेलेले ग्रंथच तिने पुन्हा उघडले आणि ज्यांना कुणी विचारले नव्हते, त्यांच्याविषयी विचारले. वर्गातील त्या विद्यार्थिनीचा प्रश्न म्हणूनच आम्ही अभ्यासक्रमाबाहेरचा मानत नाही. इतिहासाचे अध्ययन तेथूनच सुरू होते.