मालक, मुद्रक, प्रकाशक

वर्तमानपत्र हातात आलं की मी आधी शेवटच्या पानावर जातो, आणि तिथेही अगदी तळाला. घरचे हसतात. त्या तळाला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ असते: हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक मुद्रणालयात छापून अमक्या गल्लीतून प्रसिद्ध केले. पुढे संपादकाचं नाव, कंसात कायद्यानुसारची जबाबदारी, आणि आमच्या भागातल्या पत्रांत बहुतेक वेळा 'सर्व वाद नांदेड न्यायकक्षेत'. लोहा-कंधार भागातल्या माध्यमांचा आढावा लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं, तेव्हा माझी गाडी या ओळीवर येऊन थांबणार हे त्यांनी ओळखलं असणारच. गेली तीस वर्षं मी दुसरं काही बोललेलो नाही.

आढावा बाळशास्त्रींपासून सुरू करायची प्रथा आहे. ती दर सहा जानेवारीला हार घालून पाळली जाते, म्हणून इथे वगळतो. आमचा इतिहास निजामाच्या राज्यात सुरू होतो. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' काढला. बंदी आली की नाव बदलून पुन्हा काढला. हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहीत राहिले आणि २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री घराजवळ मारले गेले. लिहिणारा हातही तोडला होता. पोलीस ॲक्शनला तेव्हा महिनाही उरला नव्हता. मारेकऱ्यांना त्यांचं नाव शोधावं लागलं नाही, ते रोज छापलं जात होतं. नावानिशी लिहिण्याची किंमत काय असते याचा हा आमच्या मुलखातला पहिला धडा, आणि तरीही पुढच्या पिढीनं नाव छापणं सोडलं नाही.

मुक्तीनंतरचा काळ सगळ्यांना पाठ आहे. औरंगाबादेत अनंत भालेराव, नांदेडात 'प्रजावाणी'चे सुधाकरराव डोईफोडे, 'गोदातीर समाचार', उर्दू वाचकांसाठी 'वरक-ए-ताजा'. आमच्या मन्याड खोऱ्यात भाई केशवराव धोंडगे यांचं 'जयक्रांती'. भाईंची भाषा सोसणं सोपं नव्हतं. विरोधकाचं नाव घेऊन, त्याच्या गावाचं नाव घेऊन ते तुटून पडत, पण खाली त्यांचंही नाव असे. उत्तर द्यायला कुठं जायचं, हे सगळ्या कंधार तालुक्याला ठाऊक होतं.

मी स्वतः ऐंशीच्या दशकात चार वर्षं एक साप्ताहिक चालवलं. डिक्लेरेशन करायला नांदेडला गेलो, दंडाधिकाऱ्यांपुढे सही करताना पेन दोनदा थांबलं. अंक नांदेडला ट्रेडलवर छापायचा, गठ्ठा सुतळीनं बांधून एसटीच्या टपावर टाकायचा आणि लोह्याच्या स्टँडवर उतरवून घ्यायचा. कंडक्टरला एक अंक फुकट. पहिला अंक बघून बायको म्हणाली, "घराचा पत्ता छापलाय तुम्ही. आता लोक भांडायला घरीच येतील."

आले. रोजगार हमीचा कायदा तेव्हा नवाच होता, १९७९ पासून अंमल सुरू झालेला, आणि आमच्या दुष्काळी पट्ट्यात नाला बंडिंग, पाझर तलाव यांची कामं जोरात होती. एका गावच्या मस्टरवर अठरा नावं खोटी असल्याचं मला कळलं. काही माणसं पुण्या-मुंबईला गेलेली, एक तर वर्षापूर्वी मेलेला. मी चौकटीत छापलं, 'मेलेल्या मजुरानेही उचलली हजेरी'. हेडिंगवर स्वतःच खूश होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस अंगणात उभा. हातात माझा अंक, बोट शेवटच्या ओळीवर.

"तुमीच का छापनारे?"

"मीच. या, बसा."

"बसत न्हाई. मी मेलाव का जिता हाव, हात लावून बगा."

त्या गावात त्याच नावाचे, बापाचंही नाव तेच असलेले दोघे होते. मेला तो दुसरा. मला ज्यानं माहिती दिली त्याला हे ठाऊक होतं, पण मी विचारलं नाही म्हणून त्यानं सांगितलं नाही. त्या मजुरानं उन्हात सहा दिवस खडी फोडली होती, आणि माझ्या बातमीमुळे त्याचा पगार अडकला होता. पुढच्या अंकात, बातमी होती त्याच पानावर, त्याच चौकटीत, मी खुलासा छापला. चूक माझी, मजूर हयात आहे, त्यानं काम केलेलं आहे, पगार द्यावा. पगार मिळाला. पण त्या एका खुलाशाचा कागद घेऊन मस्टरवाल्यांनी साहेबांपुढे 'सगळी बातमीच खोटी' असा गवगवा केला आणि चौकशी बारगळली. उरलेली सतरा नावं तशीच राहिली. एका जिवंत माणसानं सतरा खोटी नावं वाचवली, असं मी तेव्हा चिडून म्हणत असे. आता तसं म्हणत नाही. ती मी वाचवली.

खुलाशावर माझं जे वेड आहे ते त्या अंगणातलं. पुढे जिल्ह्याच्या पत्राचा वार्ताहर झालो तेव्हाही मी खुलाशाचा आग्रह धरला. डेस्कवरचे लोक कंटाळायचे. खुलासा नेहमी चौथ्या पानावर, पंचांगाखाली, मुद्दाम गुळगुळीत भाषेत: 'अनवधानाने प्रसिद्ध झाले'. अनवधान कुणाचं, ते कधी लिहायचे नाहीत. मी म्हणे, बातमी जिथे तिथेच खुलासा, आणि चुकलं काय ते सरळ शब्दांत. तीन उपसंपादकांशी या एका गोष्टीवरून अबोला धरला. आज त्या दर्जाचा पंचांगाखालचा खुलासासुद्धा दिसला तर मी पेढे वाटीन.

आता आमच्यातले काही जुने. ते व्याख्यानांत सांगतात, आमच्या काळी पत्रकारिता व्रत होतं, मोबाईल आला आणि सगळं नासलं. यांना मी हात जोडून १९७८ ची आठवण देतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे मारले गेले. कुणाच्या खिशात फोन नव्हता. अफवा सायकलवरून, एसटीतून, चावडीवरून गेल्या आणि पुरेशा वेगानं गेल्या. आमच्या पत्रांपैकी काहींनी त्या दिवसांत जे छापलं ते मी जपलेल्या फायलींतून काढून आजही सलग वाचू शकत नाही. तिथे तळाला नाव होतं, हे मान्य. नाव असून लाज वाटत नसेल तर ओळ काय करणार, हा प्रश्न मला माझ्या विरोधकांनी विचारायला हवा होता. त्यांना सुचला नाही, म्हणून मीच मांडतो.

आणि पैशाचं काय? तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो, तेव्हाही नव्हता. त्याला जाहिरातीवर कमिशन. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस हा त्याचा सुगीचा हंगाम. ज्याच्याकडून शुभेच्छांची अर्ध्या पानाची जाहिरात आणायची, त्याच्याच पाणीपुरवठ्याच्या कंत्राटावर बातमी कशी लिहायची? मी स्वतः दोन बातम्या खिशात ठेवल्या आहेत. पाकीट घेतलं नाही, जाहिरात घेतली. त्या वेळी हा फरक मला मोठा वाटत असे.

या शेतात पुढे काय पीक आलं ते सगळ्या देशानं आमच्याच जिल्ह्यात बघितलं. २००९ ची विधानसभा, भोकर मतदारसंघ. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण यांचं कौतुक करणारी पानं 'अशोक पर्व' नावानं निघाली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पत्रांत तोच मजकूर शब्दाला शब्द जुळत होता, वर लेखकांची नावं मात्र वेगवेगळी. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते उघड केलं. निवडणूक खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्री जाहिरातींवरचा आकडा होता ५,३७९ रुपये. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला, कौन्सिलनं आधी त्याचा नावं गाळलेला सारांशच बाहेर काढला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक आयोगाला हिशेब तपासण्याचा अधिकार आहे असं सांगितलं, आयोगानं नोटीस काढली आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. अशोकरावांनी आरोप पहिल्यापासून नाकारले होते, आणि कायद्याच्या दृष्टीनं विषय तिथे मिटला. माझा विषय वेगळा आहे. त्या पानांच्या तळाशीही मालक, मुद्रक, प्रकाशक होतेच. वर लेखकाचं नाव होतं. मजकूर कुणाचा होता, एवढंच वाचकाला कळायला मार्ग नव्हता. ओळ खरी ठेवून पान खोटं करता येतं, हे आमच्याच धंद्यानं फोनच्या आधी शिकवून ठेवलं.

कायद्यांचा भाग भराभर उरकतो, तो रुक्ष आहे. प्रेस कौन्सिल ताशेरे ओढते, शिक्षा करू शकत नाही, आणि तिचा अंमल छापील पत्रांवरच. इंटरनेटवरच्या बातम्यांसाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नियम आणले, त्यातल्या आचारसंहितेच्या कलमांना त्याच ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. छापखान्यांचा १८६७ चा पीआरबी कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांचा नवा कायदा लागू झाला. माझी सही थरथरली होती ते दंडाधिकाऱ्यांपुढचं डिक्लेरेशन त्यात संपलं. व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन हा संपादक नाही, सदस्यानं टाकलेल्या मजकुराला तो आपोआप जबाबदार ठरत नाही, असा निकाल नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये दिला. निकाल योग्यच आहे. पण मग जबाबदार कोण, हे शोधायला पोलिसांच्या सायबर शाखेत जावं लागतं. माझ्या मजुराला अंगणापर्यंत यावं लागलं होतं.

फोनमुळे जे चांगलं झालं ते नाकारणारा मी नव्हे. पूर्वी माळाकोळीकडच्या तांड्यावरचं माणूस बातमीत यायचं ते सर्पदंशानं मेलं तरच. आज तिथला पोरगा रेशनच्या गव्हातले किडे दाखवतो आणि संध्याकाळपर्यंत तहसीलमधून माणूस येतो. आमच्या पिढीच्या वार्ताहरांच्या आडनावांची यादी काढली तर तीन-चार जातींत आटोपते. ती भिंत या पोरांनी पाडली. एप्रिल २०२० मध्ये सरकारनं घरोघर पेपर टाकायला बंदी घातली तेव्हा पीडीएफ फोनवर आली आणि कितीतरी घरांतला अंक पुन्हा कधी सुरूच झाला नाही. एजंटांचे हाल झाले. वाचकाचं अडलं नाही.

अडलं ते दुसरीकडे. नांदेड-लातूर रस्त्यावर अपघात होतो आणि ॲम्ब्युलन्स यायच्या आधी फोटो गटात येतो, चेहरा उघडा. आम्ही 'मयताची ओळख पटली, नातेवाइकांना कळवण्यात आले' हे वाक्य लिहायचो, ते कंटाळवाणं वाक्य होतं. त्यामागे एक रीत होती की आईला पेपरातून कळू नये. अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव नाही, ठीक. पण गाव, वस्ती, वडिलांचं दुकान आणि शाळा सांगितल्यावर नाव लपवून काय लपलं? ओळख पटेल असा कोणताही तपशील देणं गुन्हा आहे, हे बूम घेऊन फिरणाऱ्या निम्म्या पोरांना कुणी सांगितलेलंच नाही. नांदेडच्या विद्यापीठात माध्यमशास्त्राचं संकुल आहे. ते लोह्याच्या स्टँडपासून तासाभरावर आहे, तरी फार लांब आहे.

आणि राईनपाडा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातला आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या फॉरवर्डवर विश्वास ठेवून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षेसाठी आलेले. बातमी वाचली त्या दिवशी मला माळेगाव दिसलं. आमच्या तालुक्यातल्या खंडोबाच्या यात्रेला मार्गशीर्षात हीच माणसं येतात: गोसावी, वैदू, घिसाडी, गाढवांचे व्यापारी. त्यांच्या पालांवाचून ती यात्रा होत नाही. त्यानंतर फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आली. तो मूळ निरोप कुणी लिहिला, ते काही कुणाला सांगता येत नाही.

नव्या माध्यमांचे कैवारी मला सांगतात, काका, लोकच आता संपादक आहेत, खोटं असेल तर खाली कुणीतरी लिहितंच. लिहितात ना. बातमी हजार ठिकाणी गेल्यावर एका ठिकाणी लिहितात. मी गेल्या वर्षी एका गटात चुकीच्या बातमीचा रीतसर खुलासा टाकला, तारीख-वारासह. खाली तिघांनी नमस्काराची चित्रं पाठवली आणि एकानं विचारलं, "काका, तब्येत कशी आहे?"

माझा पुतण्या लोह्यात यूट्यूबवर बातम्यांचं चॅनेल चालवतो. पोरगा मेहनती आहे. यात्रेत घोड्यांच्या बाजारापासून लिंबोटी धरणाच्या दरवाजांपर्यंत कुठेही उभा असतो. त्याच्यामागे वर्षभर लागलो की प्रत्येक व्हिडिओखाली नाव, पत्ता, फोन नंबर लिही. तो म्हणाला, "काका, लोक शिव्या द्यायला फोन करतील." मी म्हटलं, "देऊ दे, तुझ्या काकूलाही तीच भीती होती." शेवटी दसऱ्याला त्यानं लिहिलं. वर गंमत म्हणून 'सर्व वाद लोहा न्यायकक्षेत' असंही टाकलं.

पहिल्या आठवड्यात दोन फोन शिव्यांचे आले, एक जाहिरातीचा. चौथा एका बाईचा. रस्त्यावरच्या अपघाताचा व्हिडिओ होता, त्यात तिचा मुलगा होता. आठ-दहा जणांनी तेच चित्रण टाकलं होतं, पण फोन कुणाला करायचा ते कुठेच नव्हतं. इथे नंबर दिसला, म्हणून केला. "एवढं काढा," म्हणाली, "त्याची बहीण पुण्याहून निघालीय, तिनं बघू नये." पुतण्यानं माझ्यासमोर पाच मिनिटांत तो काढला. मग बराच वेळ फोन हातात धरून बसून राहिला आणि मला म्हणाला, बाकीचे कसे काढायचे?