पायरानोमीटर नाही? थर्मामीटर आहे ना!

मिनी-प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी आमसुलं वाळवायचा सोलर ड्रायर घेतला. कारण घरगुतीच. माझे मामा रत्नागिरीजवळ समुद्राकाठी राहतात. कोकमाच्या सालींना पुन्हा पुन्हा रसाचं पुट द्यायचं, वाळवायचं, आणि मध्येच एखादी सर आली की मामीची सगळी मेहनत बुरशीला!

ड्रायरची काच किती मोठी हवी? त्यासाठी दिवसाला ऊन किती मिळतं ते कळायला हवं. ते मोजणारा पायरानोमीटर आमच्या लॅबमध्ये नाही. मग अंदाज बांधणं आलं.

अर्धं काम सोपं असतं. वातावरणाच्या वर किती ऊर्जा पोचते ते फक्त अक्षांश आणि तारखेवरून निघतं. रत्नागिरीला एप्रिलच्या मध्यावर हा आकडा चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे ३८ मेगाजूल. खरा प्रश्न असा की, त्यातलं हवा आणि ढग किती गिळतात?

हारग्रीव्हज आणि समानी यांनी १९८२ मध्ये त्याचं उत्तर चक्क थर्मामीटरमध्ये शोधलं. ढग म्हणजे आकाशावरची गोधडी. ती असली की दिवस फार तापत नाही आणि रात्र फार निवत नाही. आभाळ मोकळं असेल तर दोन्ही टोकं गाठली जातात. म्हणून कमाल-किमान तापमानातल्या फरकाचं वर्गमूळ घ्यायचं, ०.१६ ने गुणायचं, आणि पुन्हा वरच्या ३८ ने. आम्ही ३२ आणि २४ अंश धरले. फरक ८, उत्तर १७ मेगाजूल. त्यावरून काच आली ३ चौरस मीटर.

मामा फोनवर म्हणाले, "अरे, अंगणात ड्रायर ठेवायचा की माणसांनी चालायचं?"

आमच्या सरांनी कागद पाहून एवढंच विचारलं, "यात समुद्र कुठंय रे?" आम्ही गप्प. समुद्र रात्री किनारा थंड होऊच देत नाही. तापमानातला फरक कमी राहतो, आणि लख्ख ऊन असूनही बिचाऱ्या सूत्राला वाटतं की ढग आहेत! किनाऱ्यासाठी ०.१९ घ्यायचं असतं. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या पुस्तिकेत ते स्पष्ट दिलंय. आम्ही फक्त सूत्र उतरवून घेतलं होतं. नवा आकडा आला साडेवीस.

तरी शंका होतीच. म्हणून जुन्या वाटेनं गेलो. अँगस्ट्रॉम (१९२४) आणि प्रेस्कॉट (१९४०) यांचं सूत्र ढगांबद्दल आडून विचारत नाही, थेट ऊन किती तास पडलं ते विचारतं. वेधशाळेत यासाठी काचेचा भरीव गोळा असतो. ऊन असेल तेवढा वेळ तो खालच्या कार्डावर जळकी रेघ ओढतो. ढग आला की रेघ तुटते. दिवस १२.४ तासांचा, मामांच्या सांगण्यावरून स्वच्छ ऊन १० तास. या भागिलेल्या आकड्याची निम्मी किंमत अधिक ०.२५, म्हणजे सुमारे ०.६५. गुणिले ३८, उत्तर जवळजवळ २५ मेगाजूल!

कुठे १७ आणि कुठे २५. सोलापूरसारख्या आतल्या गावी मी थर्मामीटरवर जास्त विश्वास ठेवीन, पण कोकणात उन्हाचे तासच बरे. (खरी नोंद मिळाली तर अर्थात तीच घ्या. अ‍ॅना मणी यांचं १९८० चं 'हँडबुक ऑफ सोलर रेडिएशन डेटा फॉर इंडिया' लायब्ररीत मिळतंय का बघा.)

काच आता २ चौरस मीटरवर आलीय आणि मामांचं अंगण शाबूत आहे. दमट हवेचा हिशेब मात्र अजून बाकी आहे, कारण नुसत्या उन्हानं आमसुलं वाळत नाहीत. तो होईपर्यंत मामी चटईवरच वाळवतेय, आभाळाकडे बघत.