भाड्याच्या घरातला अँटेना

१९८०च्या दशकात लहानाचे मोठे झालेल्यांना घरावरचा अँटेना चांगला आठवत असेल. एकाने कौलांवर चढून तो फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ओरडायचे, “मुंग्या गेल्या! आता हलवू नको!” २०१२ साली हाच उद्योग मला अमेरिकेत, शिकागोतल्या भाड्याच्या घरात करावा लागला, आणि शाळेत शिकलेले एक साधे सूत्र तेथे कामी आले.

संशोधनवृत्तीत केबलचे शुल्क परवडत नव्हते. पण टोर्नेडोचे इशारे स्थानिक वाहिन्यांवर तातडीने मिळत, त्यामुळे टीव्ही हवाच होता. हवेतून येणारे प्रक्षेपण विनामूल्य असते. फक्त अँटेना लागतो. तेथील १९९६च्या नियमाने स्वतःच्या ताब्यातील बाल्कनीत अँटेना लावता येतो आणि १९९९पासून हा हक्क भाडेकरूंनाही आहे. सामाईक गच्चीला मात्र तो लागू नाही. माझ्या घराला बाल्कनीच नव्हती. अँटेना खोलीतच ठेवणे भाग होते.

मी दोन दांड्या आणि एक कडे असलेला साधा अँटेना आणला. बहुतेक वाहिन्या दिसल्या, पण ‘२’ क्रमांकाची येईना. मग हिशोब मांडला. अमेरिकेत २ क्रमांकाचा पट्टा ५४ ते ६० मेगाहर्ट्झचा. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ३०० भागिले ५७, म्हणजे सुमारे सव्वापाच मीटर. दोन्ही दांड्यांची मिळून लांबी तरंगलांबीच्या निम्मी असली, की त्यांत प्रवाह चांगला निर्माण होतो. म्हणून दांड्या निघतील तेवढ्या बाहेर ओढल्या. तरीही चित्र नाही!

चूक गणितात नव्हती, गृहीतकात होती. १२ जून २००९ रोजी तेथील मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण थांबून डिजिटल प्रक्षेपण उरले. या बदलात अनेक केंद्रांची कंप्रता बदलली, पण लोकांच्या सवयीचा क्रमांक तोच ठेवला गेला. ‘२’ ही आता नुसती पाटी होती. वाहिनी प्रत्यक्षात १२व्या पट्ट्यातून, २०४ ते २१० मेगाहर्ट्झवर येत होती. ३०० भागिले २०७ म्हणजे १.४५ मीटर, त्याचे निम्मे सुमारे ७२ सेंटीमीटर. प्रत्येक दांडी आखडून ३६ सेंटीमीटर केली, आणि चित्र उमटले.

पण खोलीतून कोणी चालत गेले, की चित्राचे चौकोन होऊन ते गोठे. असे का व्हावे? खोलीत थेट आलेल्या लहरी आणि भिंती, लोखंडी वस्तू, माणसे यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. कोठे त्यांची बेरीज होते, कोठे वजाबाकी. या जागांत चतुर्थांश तरंगलांबीचे, म्हणजे येथे ३६ सेंटीमीटरचेच अंतर असू शकते. ॲनालॉग चित्र अशा वेळी हळूहळू बिघडे. डिजिटल चित्रातील चुका टीव्ही एका मर्यादेपर्यंत स्वतःच दुरुस्त करतो. मर्यादा ओलांडली, की एकदम कडेलोट.

यावर अनेकजण ॲम्प्लिफायर विकत घेतात. पण तो लहरींबरोबर नको असलेला गोंगाटही वाढवतो आणि परावर्तित लहरी वेगळ्या काढू शकत नाही. येथे उपाय जागेचा होता. शिकागोची प्रमुख प्रक्षेपणे शहराच्या मध्यभागातील विलिस टॉवर आणि पूर्वीची जॉन हॅनकॉक इमारत या गगनचुंबी इमारतींवरून होतात. मी अँटेना टीव्हीवरून उचलून त्या दिशेच्या खिडकीत ठेवला. दांड्या आडव्या, आणि इमारतींच्या दिशेशी काटकोनात; कारण दांडीच्या टोकाकडून येणाऱ्या लहरी ती जवळजवळ घेतच नाही. त्यानंतर एक डॉलरही न खर्चता चित्र स्थिरावले.

आपल्याकडे दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपणे आता बंद झाली आहेत, पण वर्गात एफएम ट्रान्झिस्टरवर हे सारे करून पाहता येईल. १०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३ मीटर, तिचा चतुर्थांश ७५ सेंटीमीटर. एखादे क्षीण केंद्र लावा. दांडी आखडा, फिरवा. ट्रान्झिस्टर थोडा सरकवा. लोखंडी कपाटात ठेवून दार लावा. खरखर कधी वाढते याची नोंद विद्यार्थ्यांना करू द्या. मग त्यांना विचारा : मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झ लहरींच्या तरंगलांबीचा चतुर्थांश किती? उत्तर काढले, की मोबाइलला बाहेर दांडी का लागत नाही, हे त्यांचे तेच सांगतील.