ऊसबंदीच्या गावात ऊसकऱ्यांची पायपीट



ऊस विकास खात्याने सभासदांची सहल न्यावी आणि तीही ऊस लावायला बंदी असलेल्या गावी, याचे अनेकांना नवल वाटले. परंतु हिवरेबाजार एकदा सर्वांनी मिळून पाहावे, असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नगर तालुक्यात, पर्जन्यछायेच्या पठारावर, हे डोंगराने वेढलेले गाव आहे. पाऊस वर्षाला सरासरी ४०० मि.मी.च्या आसपास. आपल्या हिंगोली जिल्ह्यात याच्या दुप्पट पडतो.

सकाळी न्याहारी उरकून गावच्या वाटाड्यामागे डोंगर चढू लागलो. ऊन चढले तशी ज्येष्ठ सभासदांची दमछाक झाली, पण मागे कोणी राहिले नाही. उतारभर सलग समतल चर खोदलेले, त्यांच्या कडेने झाडे, मधे गुडघाभर गवत. इथे गुरे चरायला सोडत नाहीत; गवत कापून न्यायचे. वरून खाली पाहिले की पाण्याची सगळी वाट दिसते : चरातून ओघळीत, ओघळीतून बांधात, बांधातून जमिनीत आणि शेवटी विहिरीत.

१९७२ च्या दुष्काळानंतर इथली माणसे कामासाठी बाहेर पडली होती. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेत गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही सूत्रे पाळली. श्री. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

दुपारी गावात पाण्याचा ताळेबंद समजून घेतला. पाऊस मोजायचा, आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, उरेल त्यावर पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही. ऊस, केळी लावायची नाही.

एक सभासद म्हणाले, "साहेब, आमचं तर पोटच उसावर. हे ऐकून घरी काय सांगावं?"

प्रश्न रास्त आहे. तिथेच हिशेब मांडला. एकरावर १ मि.मी. पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. ४०० मि.मी. म्हणजे १६ लाख लिटर. एक एकर उसाला मोकाट पाण्यावर २००० मि.मी. धरले तर ८० लाख लिटर. म्हणजे तिथल्या पाच एकरांचा पाऊस एकटा ऊस पिणार! त्यातही पडलेला सगळा पाऊस विहिरीत उतरत नाही.

आपल्याकडे पूर्णेचे पाणी आहे, म्हणून ऊस आहे. पण २०१६-१७ च्या हंगामात मराठवाड्यातील अनेक कारखान्यांची धुराडी उसाअभावी पेटलीच नाहीत, हे विसरून चालणार नाही. ऊसबंदी आम्ही मागत नाही. पण हिशेब न करता लावलेला ऊस आपल्याआधी विहिरीला संपवतो, हे मात्र सांगतो.

तेव्हा एवढे कराच. पावसाळा संपताच विहिरीची पातळी मोजून वहीत लिहा आणि त्यावरच लागणीचे क्षेत्र ठरवा. निव्वळ बोअरच्या भरवशावर नवी लागण नको. पाचट जाळू नका, सरीत पसरा. जमेल त्याने ठिबक बसवावे. शेताच्या वरचा उतार बांधून काढावा. गटवार बैठकीला येताना पातळीची वही जरूर आणावी. पुढचा हिशेब मिळून मांडू.