माऊस घ्यावा हात पाहून

बोरीवलीतील अनेक व्यापारी कुटुंबांच्या घरी संगणक एकच असतो आणि तो दोन पाळ्यांत राबतो. दिवसा त्यावर पेढीची बिले, बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे तयार होतात. रात्री अभ्यास आटोपल्यावर मुलांचे खेळ रंगतात. या दोन्ही पाळ्यांत जी वस्तू हातात सर्वाधिक वेळ असते, ती मात्र सर्वांत कमी विचार करून घेतलेली असते. मुलगा ‘गेमिंग माऊस’ मागतो, तेव्हा वडिलांना तो खर्चिक हट्ट वाटतो. वडिलांचे मनगट संध्याकाळी ठणकते, तेव्हा टेबलावरच्या जड, बेढब माऊसकडे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः दोघांच्या गरजेचे उत्तर एकच असू शकते: हातात नीट बसणारा, वजनाने हलका आणि किमतीने माफक माऊस.

लाकडी ठोकळ्यापासून आजवर

अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेनुसार बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माऊस घडवला. तो एक लाकडी ठोकळा होता. खाली दोन चाके आणि वर एकच बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढे चाकांच्या जागी गोळी आली आणि गोळीच्या जागी प्रकाशावर चालणारा सेन्सर. गेल्या काही वर्षांत स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्यांनी हलक्या माऊसचा आग्रह धरला आणि उत्पादकांनी ग्रॅम-ग्रॅमने वजन उतरवले. त्या चढाओढीचा लाभ आज हिशेब लिहिणाऱ्या हातालाही मिळू शकतो.

वजनाचे महत्त्व

माऊस केवळ सरकवला जात नाही; तो पुनःपुन्हा उचलून मागे आणून ठेवावा लागतो. वेगवान खेळात ही क्रिया सतत चालते, आणि मोठ्या तक्त्यांत किंवा जीएसटीच्या पोर्टलवर काम करतानाही ती टळत नाही. शंभर ग्रॅमच्या जागी पासष्ट ग्रॅमचा माऊस आला, तर प्रत्येक उचलीत एक तृतीयांशाहून अधिक भार कमी होतो. तुलनेसाठी सांगायचे तर लॉजिटेकचा वायरचा जी-१०२ सुमारे ८५ ग्रॅमचा, त्याच कंपनीचा बिनवायरचा जी-३०४ बॅटरीसह ९९ ग्रॅमचा, तर रेझरचा वायपर मिनी ६१ ग्रॅमचा आहे. साधारणपणे ८० ग्रॅमच्या आतला माऊस हलका समजावा.

वजन घटवण्यासाठी काही माऊसच्या पाठीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे ठेवलेली असतात. मुंबईच्या दमट हवेत त्यांतून घाम आणि धूळ आत जाते. पावसाळ्यात बारीक मुंग्या, कीटकही शिरू शकतात. ज्या घरात जीवरक्षेचा विचार होतो, तेथे अखंड पाठीचा माऊस घेणे बरे. छिद्रांचाच घेतला, तर काम संपल्यावर त्यावर स्वच्छ कापड झाकण्याची सवय लावावी.

आकार आधी, आकडे नंतर

मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेषेपर्यंत पट्टीने हात मोजावा. माऊसची लांबी या मापाच्या सुमारे साठ टक्के असावी, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे १७ सेंटिमीटरच्या हाताला दहा सेंटिमीटरच्या आसपासचा, तर १९ सेंटिमीटरच्या हाताला साडेअकराच्या आसपासचा. माऊस धरण्याची पद्धतही पाहावी. संपूर्ण तळवा टेकवणाऱ्याला उंच पाठीचा माऊस सोयीचा ठरतो. बोटांच्या टोकांनी धरणाऱ्याला बुटका आणि लहान. घरात कोणी डावखुरे असेल, तर दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माऊसच घ्यावा.

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा ‘डीपीआय’चा असतो. माऊस एक इंच सरकल्यावर कर्सर पडद्यावर किती बिंदू सरकेल, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेकांचे काम ८०० ते १,६०० मध्ये भागते. त्यामुळे बारा हजारांच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात हशील नाही. दुसरा आकडा ‘पोलिंग रेट’चा. सेकंदाला १२५ वेळा माहिती पाठवणारा माऊस दर आठ मिलिसेकंदांनी बोलतो, तर १,००० वेळा पाठवणारा दर एका मिलिसेकंदाला. खेळात हा फरक जाणवू शकतो. हिशेबाच्या कामात नाही. रंगीबेरंगी दिव्यांनी मात्र दोन्हींपैकी कशातच भर पडत नाही.

वायरचा की बिनवायरचा?

खर्चाला मर्यादा असेल, तर वायरचा माऊस अधिक फायद्याचा. त्याच पैशांत सेन्सर आणि बटणे चांगली मिळतात, बॅटरीचे वजन नसते आणि चार्जिंगची चिंताही नसते. वायर मात्र मऊ, कापडी वेष्टणाची असावी. ताठ वायर हलक्या माऊसलाही मागे ओढते. टेबलावर पसारा नको म्हणून बिनवायरचाच हवा असेल, तर बॅटरी घालून वजन किती होते ते विचारावे. ‘एए’ आकाराचा एक साधा अल्कलाइन सेल सुमारे २३ ग्रॅमचा असतो. पॅड रबरी तळाचे, कापडी पुरेसे आहे. चामड्याच्या पॅडची आवश्यकताच नाही.

खरेदी आणि बिल

माऊस हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये. बोरीवलीतील संगणकाच्या दुकानांत आधी चौकशी करावी. अधिक पर्याय पाहायचे असतील, तर धीम्या लोकलने ग्रँट रोडला उतरावे. लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, तेथून जवळच आहे. रविवार मात्र टाळावा, कारण त्या दिवशी तेथील बरीच दुकाने बंद असतात. दुकानात दोन्ही बटणे, चाक आणि बाजूची बटणे दाबून पाहावीत. एकदा दाबल्यावर दोनदा क्लिक होणे, हा माऊसचा नेहमीचा आजार. म्हणून वॉरंटी किती महिन्यांची आणि दुरुस्ती की बदली, हे बिलावर लिहून घ्यावे.

माऊसवर १८ टक्के जीएसटी आहे. कर धरून १,१८० रुपयांच्या माऊसमध्ये १८० रुपये कराचे असतात. तो पेढीच्या कामासाठी असेल, तर पेढीच्या जीएसटी क्रमांकाचे बिल घेऊन कराची वजावट मिळवता येते. मुलाच्या खेळासाठी घेतलेला माऊस मात्र घरखर्चातच लिहावा. रक्कम लहान असली, तरी कोणता खर्च कोठे लिहावा, हे मुले घरातूनच शिकतात.

खेळ कोणता, किती वेळ?

संगणकावरील प्रत्येक खेळ मारामारीचाच असतो असे नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत ई-क्रीडा प्रात्यक्षिक स्वरूपात होत्या. तेव्हा भूजच्या तीर्थ मेहता यांनी ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या डावपेचांच्या खेळात कांस्यपदक मिळवले. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध केले आहेत. त्याच कायद्याने ई-क्रीडांना वेगळे स्थान दिले आहे. माऊस घेऊन देताना कोणता खेळ आणि किती वेळ, हेही मुलाशी बसून ठरवावे.

शेवटी, हलका माऊस हे औषध नव्हे. कोपर टेबलाच्या उंचीला असावे, मनगट सरळ राहावे आणि दर अर्ध्या तासाने हात मोकळा करावा. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत रात्री मुंग्या येत असतील, तर दुकानदाराकडे नव्हे, डॉक्टरांकडे जावे. एवढे सांभाळले, तर हजार-दीड हजार रुपयांच्या आसपासचा नीट निवडलेला माऊस वडिलांच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही हाताला पुरेसा आहे.